तालमीच्या भिंतीचा जबाब

नदीवेस तालमीच्या लोकांनी प्रस्तावातला रकाना नऊ कोरा सोडला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण कोरा रकाना दिसला की हिंगणवेळ्याच्या माणसाचा हात शिवशिवतो. रकान्यात विचारलं होतं, 'वास्तूचे इतरत्र न आढळणारे वैशिष्ट्य'. तालमीचे वस्ताद आणि अध्यक्ष बजरंग रामचंद्र खराडे यांनी स्वहस्ते लिहिलं : 'स्थापनेपासून, म्हणजे एकशे बारा वर्षांत, या वास्तूत स्त्रीचे पाऊल पडलेले नाही.' खाली दोन रेघा ओढल्या. दुसरी रेघ कागद फाडून पलीकडे गेली.

तो कागद नगरपरिषदेच्या वारसा कक्षात जिच्यासमोर आला, ती बजरंगची सख्खी धाकटी बहीण. रंजना खराडे, वय चोपन्न, वरिष्ठ लिपिक. कक्ष म्हणजे ती, एक लोखंडी कपाट, एक यंत्र आणि निवृत्तीला आठ महिने उरलेला शिपाई सदाशिव. रंजनानं लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर 'प्रकरण विचाराधीन आहे' म्हणून सांगायची. भावाच्याच घरात माडीवर राहायची. घरापासून तालीम पन्नास पावलांवर होती. त्यातली एकोणपन्नास पावलं तिच्या पायाखालची होती.

तिनं रकाना नऊ वाचला, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावली आणि पोच दिली.

प्रस्तावाची गरज होती, यात शंका नाही. २०३९ साली जुन्या इमारतीला जगायचं असेल तर वारसा यादीत नाव लागायचं. यादीबाहेरच्या जागा शासनानं 'मोकळ्या होऊ शकणाऱ्या' म्हणून जाहीर केल्या होत्या, आणि नदीवेशीच्या जागेवर पार्सलं वाहणाऱ्या ड्रोनसाठी तळ करायचा नकाशा तयारही झाला होता. तालमीचा लाल मातीचा हौदा जिथं होता, तिथं नकाशात एक मोठं वर्तुळ होतं आणि वर्तुळात इंग्रजी एच. तालमीतल्या एका पैलवानाला तो हनुमानाचा वाटला, आणि त्यानं दोन दिवस नकाशाला उदबत्ती लावली.

यादीत यायची रीत ठरलेली होती. प्रस्ताव, नोटीस, तीस दिवस हरकती व सूचना, मग स्थळपाहणी आणि आदेश. नोटीस आता घंटागाडी वाचून दाखवायची. ओला कचरा हिरव्या डब्यात, नदीवेस तालमीबाबतच्या हरकती वारसा कक्षात, सुका कचरा निळ्या डब्यात, अशी एका दमात. लोक हरकती घ्यायचे. सूचना कुणी करायचं नाही. सूचना केली की ते काम आपल्याच गळ्यात पडतं, एवढा लोकशाहीचा अनुभव गावाला होता.

सव्विसाव्या दिवशी बाजारवेस तालमीची हरकत आली. १९९४ साली गावात सिनेमाचं चित्रीकरण आलं असताना पावसाची सर लागली, तेव्हा त्यातली नटी पंधरा मिनिटं नदीवेस तालमीत उभी होती, सबब रकाना नऊ खोटा आहे.

दुपारी बजरंग कक्षात आला. त्रेसष्टीतही दाराच्या चौकटीत तो थोडा तिरपा होऊनच शिरायचा.

"रंजे, ते तुझं यंत्र लाव."

"दादा, बस आधी."

"बसायला येळ न्हाई. नटी म्हणं. ती बाहेर वळचणीला हुभी हुती, मी स्वतः तिला छत्री दिलीया. भिंत काय म्हणती ते कळू दे गावाला."

"यंत्र मागायचा हक्क अर्जदाराला आहे. पण एकदा लावलं की अहवाल प्रस्तावाला जोडला जातो, जाहीर होतो. मग आवडलं नाही म्हणून ते पान काढता येत नाही."

"न आवडायसारखं काय हाय आमच्यात? त्यो कागद बाजारवेशीच्या तोंडावर मारायचा हाय मला. मोठ्या अक्षरांत छाप."

रंजनानं अर्ज पुढं सरकवला. बजरंगनं सही केली. याही कागदाला भोक पडलं.

यंत्राचं सरकारी नाव स्तरवाचक. दिसायला पाच लिटरच्या कुकरएवढं. त्यामागचं विज्ञान समजायला चुना समजावा लागतो. ओला चुना दाहक असतो. भिंतीवर बसला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि काही आठवड्यांत पुन्हा चुनखडीचा दगड होतो. म्हणजे दर वर्षी भिंतीला चुना देणारा माणूस खरं तर तिच्यावर कागदाच्या जाडीचा दगड चढवत असतो. वर्षभरात भिंतीला जे लागलं, घाम, तेल, तळहाताची झडलेली त्वचा, ते पुढच्या वर्षीच्या दगडाखाली बंद होतं. कोरडी पेशी चुन्यात जळून जाते. तेलात भिजलेली मात्र तगते, आणि तिच्यातले डीएनएचे तुकडे चुनखडीला धरून दशकानुदशकं राहतात. म्हणून कचेरीच्या भिंतीत यंत्राला पानाच्या पिंकेपलीकडे फारसं काही सापडत नाही, आणि तालमीची भिंत, जिला रोज तेल लावलेली अंगं घासतात, ती पोथीसारखी पान पान सुटते.

नदीवेस तालमीत तर नियमच होता. दर दसऱ्याआधी चुना द्यायचा आणि जुना खरवडायचा नाही. भिंत एकशे बारा वर्षांत बोटभर जाड झाली होती. यंत्र तिच्यातून तांदळाच्या दाण्याएवढा गाभा काढायचं आणि झाडाच्या खोडातली वलयं मोजावीत तसे थर मोजायचं. मोजणी चुकू नये म्हणून २०१९ आणि २०२१ च्या महापुरांच्या गाळाच्या दोन तपकिरी रेघा होत्याच. कृष्णेनं स्वतः टाकलेल्या तारखा त्या, त्यांवर हरकत घेता येत नव्हती.

थरातल्या माणसाचं लिंग कळायचं, आणि कुणी नमुना दिला असेल तर त्याच्याशी नातं कळायचं. जात कळत नाही, असं पहिल्याच वर्षी जाहीर झालं. त्या आठवड्यात राज्यभरातून यंत्रासाठी आलेले सहाशे अर्ज मागं घेण्यात आले होते.

वाचनाच्या दिवशी रंजना तालमीच्या दारात उभी राहिली. तिच्या डोक्यावर 'स्त्रियांस प्रवेश नाही' अशी पत्र्याची पाटी होती. यंत्र सदाशिवच्या हातात होतं.

"सदाशिव, उलटं धरलंय."

"बाई, ह्याची सुलटी बाजू कुठली?"

"जिच्यावर बाण आहे ती."

"बाण दोन हायत."

असं करत चार भिंतींवरून साठ गाभे निघाले, जमिनीपासून दर अर्ध्या फुटावर एक. भिंतीत चुकून आपलाच अंश मिसळला तर यंत्राला तो ओळखता यावा, म्हणून नियमाप्रमाणे बजरंग, सदाशिव आणि रंजना या तिघांनी गालाच्या आतला नमुना आधीच दिला होता.

दुसऱ्या दिवशी यंत्रानं अहवाल काढला. नटीचा पत्ता नव्हता. १९९४ चा थर स्वच्छ पुरुषी होता. पान चौदा मात्र वेगळं होतं.

'उत्तर भिंत. थर ५५ ते ६६, थर ६३ वगळून. स्त्री, एकच व्यक्ती. चालकाशी निकटचा मेळ. संभाव्य कारण : चालकाचा स्पर्श, नमुना दूषित. मान्य / अमान्य.'

चालक म्हणजे रंजना.

तिनं यंत्र पुसलं, पुन्हा चालवलं. यंत्र पुन्हा तेच म्हणालं, सरकारी यंत्र असूनही. तेव्हा तिनं कागद घेतला आणि बाहेरून आत मोजायला सुरुवात केली. पहिला थर २०३८ चा. पंचावन्नावा १९८४ चा. सहासष्टावा १९७३ चा. ती जन्मली १९८५ च्या मार्चमध्ये. जन्मायच्या आधी अकरा वर्षं तिनं भिंतीला हात लावले होते, असं यंत्राचं म्हणणं होतं.

तिनं मेळाचा तक्ता उघडला. डीएनएतली जी जी जागा यंत्रानं तपासली होती, त्या प्रत्येक जागी त्या स्त्रीचं आणि रंजनाचं बरोबर निम्मं जुळत होतं. कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही. असं बहिणीशी जुळत नाही, मावशीशी जुळत नाही. असं फक्त आईशी किंवा लेकीशी जुळतं, आणि रंजनाला लेक नव्हती. पेशीतला जो धागा फक्त आईकडूनच येतो, तो बजरंगच्या नमुन्यातही तोच होता.

थर ६३ म्हणजे १९७६. त्या वर्षी ती स्त्री आली नव्हती. त्या वर्षी बजरंगचा जन्म झाला होता.

रंजनानं ते पान घडी करून ठेवलं. विचारायला आई-वडील दोघंही उरले नव्हते. मग छत्री घेऊन एसटी स्टँडसमोरच्या थंडाईच्या दुकानात गेली.

दुकान गफूर मुलाणींच्या मुलाचं. त्र्याऐंशी वर्षांचे गफूरचाचा सकाळी दहापासून तिथं बाकावर बसलेले असायचे. १९७९ साली त्यांनी साताऱ्याच्या नामी मल्लाला घिस्सा डावावर आस्मान दाखवलं होतं. त्या कुस्तीचा फोटो दुकानात होता, आणि आता त्यात मुख्यतः काच दिसायची.

"चाचा, आमची आई तालमीत जायची?"

गफूरचाचांनी पेला खाली ठेवला. "कोण म्हणतं?"

"भिंत."

"मग मी कशाला खोटं बोलू. भिंत माझ्यापेक्षा वडील हाय." त्यांनी गल्ल्यावरच्या मुलाला पिस्ते आणायला पिटाळलं. "त्र्याहत्तर साली तुझ्या वडलांचा, आप्पा वस्तादांचा गुडघा गेला. खाटंवर पडून तोंडी डाव सांगायचे. आता घिस्सा काय तोंडी येतोय व्हय? आमी नुसतं एकमेकांचं दात पाडत हुतो. मग एक दिवस शेवंताबाई आल्या. कासोटा घट्ट, डोक्याला फडकं. म्हणल्या, 'वस्तादांनी पाठवलंय. बाहेर बोललासा तर एकेकाची मान मोडीन.' मामांच्या घरी वाढलेल्या त्या, मामा पैलवान. मी पहिल्या दिवशी हसलो. दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडात माती."

"अकरा वर्षं?"

"गुडघा दोन वर्षांत बरा झाला की. पण आप्पास्नी कळलं हुतं, शिकवावं तर तिनंच. ते बाहेर कट्ट्यावर बसून वस्ताद व्हायचे, आत त्या."

"आणि साताऱ्याच्या मल्लाला पाडलात तो घिस्सा?"

"त्यांचाच. पेपरवाल्यानं विचारलं, वस्ताद कोण. मी म्हणलो, खराडे. खोटं न्हवतं."

"खरंही नव्हतं."

"न्हवतं," गफूरचाचा म्हणाले. "साठ वर्षं दुकानात त्योच फोटो लावून बसलोय, पोरी. तुला काय वाटतं, मी तिकडं बघतो?"

रस्त्यावरून घंटागाडी नोटीस वाचत गेली.

"मग आई थांबली कशामुळं?"

"तू झालीस." गफूरचाचांनी आता तिच्याकडं बघितलं नाही. "आप्पा म्हणाले, पोरगा एक वेळ घरात ऱ्हाईल. पोरगी आईचं बोट धरून मागनं येणार. आली की शिकणार. आता बास. पंच्याऐंशी साली पाटी लागली. त्याआधी पाटी न्हवती. लावायला कारणच न्हवतं."

रात्रीचं जेवण खालीच व्हायचं. वहिनी माहेरी गेली होती, म्हणून भाकरी रंजनानं थापल्या. बजरंगनं तिसरी भाकरी संपवल्यावर तिनं पान चौदा त्याच्या ताटाशेजारी ठेवलं आणि तोंडी समजावून सांगितलं.

"झाडायला गेली असंल."

"झाडणारीचे तळवे साडेतीन फुटांवर लागत नाहीत, दादा. दोन्ही शेजारी शेजारी, अकरा वर्षं एकाच जागी. उत्तरेच्या भिंतीवर तुम्ही काय करता?"

उत्तरेच्या भिंतीवर रेटा धरत. दोन्ही तळवे लावून, भिंत आज पाडायचीच अशा बेतानं ती ढकलत राहायची. नदीवेशीच्या पैलवानांची पाठ त्या भिंतीनं घडवली होती. बजरंगचीही.

"गफूरचाचांनी सगळं सांगितलंय," ती म्हणाली.

"म्हातारं झालंय ते."

"यंत्र तीन वर्षांचं आहे."

बजरंगनं कागद उचलला, लांब धरून वाचला. शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. "ह्ये काय, नमुना दूषित? यंत्रच म्हणतंय की तुझा हात लागला. मान्य म्हण, पान जातंय. समद्यांचंच भलं."

"माझा हात कसा लागेल? मला तुम्ही आत कधी सोडलंत?"

"रंजे, परवा तीस दिवस संपत्यात. एक खूण करायची. तालीम यादीत, ड्रोन गेलं उडत. तुला तालीम वाचवायची हाय का न्हाई?"

"वाचवायचीय. आईसकट."

"बाजारवेशीची लोकं काय म्हणतील? खराड्याची तालीम बाईनं चालवली?"

"चालवली."

"आप्पांचं नाव जाईल."

"आईचं गेलं तेव्हा कुणी आवाज ऐकला?"

बजरंगनं ताटातच हात धुतला. आप्पा वारल्यापासून त्या घरात ताटात कुणी हात धुतला नव्हता. "मग मी प्रस्तावच मागं घेतो," तो म्हणाला. "उतरू दे ड्रोन."

"आईपेक्षा ड्रोन बरा?"

"ड्रोनला कुणी काय इचारत न्हाई," असं म्हणून तो अंगणात गेला.

सकाळी रंजनानं यंत्रावर 'अमान्य' दाबलं. शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं : 'नमुना शुद्ध आहे. दूषित आहे ती समजूत.' अकरा वाजता बजरंगचा माघारीचा अर्ज आला. नियमाप्रमाणे प्रस्ताव रद्द, अहवाल रद्द. यंत्रानं आपली आठवण पुसून टाकली. गाभे वाचतानाच भुकटी होतात, त्यामुळं तेही गेले. रद्द अहवालाच्या छापील पानाला किंमत नव्हती. पुरावा म्हणून जगात आता फक्त ती भिंत उरली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी रंजनानं नवा प्रस्ताव भरला. वास्तू : नदीवेस तालीम. रकाना नऊ : 'या तालमीत शेवंता रामचंद्र खराडे यांनी १९७३ ते १९८४ या काळात मल्लांना कुस्ती शिकवली व स्वतः सराव केला. पडताळणीसाठी स्तरवाचन व्हावे.' अर्जदार : रंजना रामचंद्र खराडे. तिच्या सहीनं कागदाला भोक पडलं नाही, पण पडलं असतं तर तिला वाईट वाटलं नसतं.

मुख्याधिकारी जोगळेकर मॅडम एकतीस वर्षांच्या होत्या आणि हिंगणवेळ्यातून बदली होईपर्यंत कुणाशी भांडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"कर्मचाऱ्याला प्रस्ताव देता येतो?"

"'कोणीही नागरिक' असं आहे, मॅडम. कर्मचारी नागरिक नसतो असं कुठं लिहिलेलं नाही. मी शोधलं."

"तुमच्या भावाची तक्रार आलीय. खात्यामार्फत चौकशी होईल. तोवर कक्ष माझ्याकडे."

"चौकशी होऊ द्या."

"आणि स्थळपाहणीला अर्जदारानं वास्तूत हजर राहायचं असतं. वास्तूत, म्हणजे आत." मॅडमनी चष्मा काढला. "तुम्ही नसाल तर प्रस्ताव निकाली. पाहणी सुरू होईपर्यंत वास्तूला संरक्षणही नाही. हे तुम्हाला माहीत असेलच."

"मीच टाइप केलंय ते."

पुन्हा तीस दिवस सुरू झाले. या वेळी वारसा कक्षाच्या इतिहासात पहिल्यांदा सूचना आल्या, आणि त्या बायकांच्या होत्या. एकीनं लिहिलं, वाचनालयाच्या वरच्या खोलीची भिंत वाचा, माझी मोठी आत्या तिथं पडद्यामागं बसून बारा वर्षं वर्तमानपत्राचे अग्रलेख लिहून द्यायची, छापून संपादक मामलेदारांच्या नावानं यायचे. एकीनं छापखान्याची भिंत सुचवली, एकीनं देवळातल्या नगारखान्याची. एकीनं फक्त एवढंच लिहिलं होतं : 'आमच्या घराची पण वाचता येईल का? जमत नसेल तर असू दे.'

हे जिल्ह्यात पसरलं तसे विश्वस्त जागे झाले. संस्था, मंडळं, तालमी, सगळीकडे एकदम स्वच्छतेची लाट आली. शंभर वर्षं खराट्याचा स्पर्श न झालेल्या भिंती लोक दगडापर्यंत खरवडून प्लॅस्टिक रंग देऊ लागले. हार्डवेअरच्या दुकानांत खरवडणी मिळेना. एका अध्यक्षांनी मुलाखतीत सांगितलं की आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, आणि आता तर ते सिद्धही करता येणार नाही.

पाहणीच्या दिवशी सकाळी दहाला गफूरचाचा काठी टेकत खराड्यांच्या दारात आले. घरापासून दुकानापर्यंत रिक्षानं जाणारा माणूस चालत आला होता.

"पोरी, सात जण आत गेल्यात. खरवडण्या हायत."

पाहणी अकराला होती. रंजनानं चप्पल पायात घातली, तालमीच्या दारात काढली, आणि आत गेली. पन्नासावं पाऊल इतर एकोणपन्नास पावलांएवढंच होतं. याचा तिला जरा रागच आला.

आत गार होतं. माती ताकानं आणि तेलानं भिजून लाल लोण्यासारखी झाली होती. सात पैलवान उत्तरेच्या भिंतीसमोर उभे होते. कुणी हात उचलला नव्हता, कारण पहिला ओरखडा कुणी काढायचा हे ठरलं नव्हतं. बजरंग मारुतीच्या कोनाड्याखाली बसला होता. तिला बघून तो उठला नाही.

रंजना हौदा ओलांडून सरळ भिंतीपाशी गेली आणि भिंतीकडं तोंड करून दोन्ही तळवे तिच्यावर ठेवले. साडेतीन फुटांवर.

"बाई, बाजूला व्हा," त्यातला दांडगा म्हणाला. त्याचं नाव संग्राम. जिल्ह्याची गदा त्याच्याकडं होती.

"हलव मला."

"तसं न्हाई जमत. लंगोट लावलाय. तालमीत बाईला हात लावायचा न्हाई, नेम हाय."

"नेम चांगला आहे. पाळ."

सातही जण विचारात पडले. एकानं पाणी मारायचं सुचवलं. चुना भिजेल का विरघळेल यावर एकमत होईना. दुसरा हळूच म्हणाला, "घरनं वैनींना बोलवू का? त्या वढतील."

"बोलव," रंजना भिंतीला म्हणाली. "त्यांनाही आत यावं लागेल."

संग्रामनं बजरंगकडं बघितलं. "वस्ताद, तुमी भाऊ हाय. तुमाला चालतंय."

बजरंग उठला. हौद्यातून येताना त्याची पावलं मातीत उमटत होती, आवाज नव्हता.

"रंजे, हो बाजूला."

"नाही."

"वढून काढीन."

"काढ."

त्यानं तिचा दंड धरला आणि ओढलं. तिचे पाय घसरले, गुडघा भिंतीवर आपटला, पण तळवे सुटले नाहीत. त्यानं दुसऱ्यांदा धरलं आणि थांबला. तो तिच्या पायांकडं बघत होता. चाळीस वर्षं त्यानं माणसांचे चेहरे कमी आणि पाय जास्त बघितले होते.

"पाय जुळवून कोण हुभं ऱ्हातंय?" तो म्हणाला.

"मला कुणी शिकवलं?"

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. संग्रामनं खरवडणी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"उजवा मागं घे," बजरंग म्हणाला. आवाज इतका खाली होता की फक्त तिलाच ऐकू आला. "आणखी. टाच उचलू नगंस. कोपर ताठ ठेवशील तर मोडंल, जरा सैल सोड. आता हातानं ढकलू नगं. पाठीनं ढकल."

तिनं उजवा पाय मागं घेतला. टाच मातीत रुतली. खांद्यावरचा सगळा भार कमरेतून पायात उतरला आणि पायातून जमिनीत गेला, आणि चोपन्नाव्या वर्षी तिला उभं राहणं म्हणजे काय ते कळलं.

बजरंगनं पुन्हा दंड धरला. या वेळी त्यानं पूर्ण ताकदीनं ओढलं, जोडीच्या गड्याला ओढावं तसं. ती आली नाही.

त्यानं हात सोडला.

दारात जोगळेकर मॅडम उभ्या होत्या. हातात फाइल, मागं जिल्ह्याचा माणूस यंत्र घेऊन. त्या चौकटीच्या बाहेरच थांबल्या आणि आतल्या अंधाराकडं बघत, घंटागाडीच्याच आवाजात म्हणाल्या, "नगरपरिषद. स्थळपाहणी. अर्जदार वास्तूत उपस्थित आहेत का?"

रंजनानं तोंड उघडलं, पण तिचा सगळा श्वास भिंतीत होता.

"हायत," बजरंग म्हणाला. "आत या मॅडम. चपला तेवढ्या बाहेर."